बिनदुधाचं दही

"मृत्यूला मी आयुष्यभर शेजारी बसवून काम केलंय. त्याचं मला काही वाटत नाही," असं डॉ. पुरुषोत्तम यांनी उठल्या उठल्या जाहीर केलं, आणि ते तिसऱ्यांदा बाथरूमला गेले.

बाहेर आले तेव्हा बॅग दाराशी ठेवलेली होती. मुलगा, सुयश, गाडीच्या काचेवर साचलेला बर्फ खरवडत होता. आणि पॅसेजमध्ये, बरोबर वाट अडवून, लीलावती उभ्या होत्या. एका हातात वाटी, दुसऱ्यात चमचा.

"हे काय?"

"दही."

"लीला, आज माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. भुलीच्या आधी काही खायचं नसतं."

"माहितीय. हॉस्पिटलच्या नर्सनं फोनवर बजावलंय मला. दूध नाही, दुधाचं काही नाही. म्हणून बिनदुधाचं लावलं."

आठवडाभर त्यांचा हाच उद्योग चालला होता. ओट्सच्या दुधाची पेज झाली. नारळाच्या दुधावर तेल तरंगलं. शेवटी त्यांनी सोया दूध बोटाला सोसेल इतपत कोमट केलं. रोजचं विरजण घालावं तर त्यात दूध आलंच. म्हणून हिरव्या मिरचीचे देठ टाकले, भांडं डॉक्टरांच्या जुन्या कार्डिगनमध्ये गुंडाळलं आणि गरम पाण्याच्या टाकीशेजारी कपाटात ठेवून दिलं. सकाळी दही लागलं होतं. चमचा उभा राहील असं.

"अगं, सोया झालं तरी ते खाणंच. पोटाला काय कळतंय, गाय कुठली आणि सोया कुठला?"

"चमचाभर तर आहे."

"चमचाभरच म्हणतात सगळे."

हे ते अनुभवानं बोलत होते. भूल देण्याआधी प्रत्येक पेशंटवर ओणवून त्यांनी एकच प्रश्न विचारला होता: काही खाल्लंय का? अर्ध्या टोस्टसाठी त्यांनी माणसं घरी पाठवली होती. रडली तरी पाठवली होती. आज कुणीतरी त्यांच्यावर ओणवून तेच विचारणार होतं, आणि त्या एका प्रश्नाला खोटं उत्तर देणं त्यांना जमणारं नव्हतं. ऑपरेशन आधीच दोनदा पुढे ढकललं गेलं होतं. तिसऱ्यांदा ढकललं तर झडप तोवर टिकेल याची खात्री नव्हती.

लीलावती वाटेतून हलल्या नाहीत. हातावर दही घेतल्याशिवाय या घरातून कुणी परीक्षेला गेलं नव्हतं, मुलाखतीला गेलं नव्हतं, विमान पकडायला गेलं नव्हतं. आणि सगळे परत आले होते. त्यांच्याकडे पुरावा एवढाच होता. डॉक्टरांनी याहून कमी पुराव्यावर औषधं दिली होती.

"बाबा, ट्रॅफिक वाढेल," सुयश दारातून म्हणाला. "आई, तो दही नंतर दे ना."

एरवी लीलावतींनी त्याला तिथल्या तिथे सुधारलं असतं. आज त्यांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. चमचा मात्र वाटीवर वाजू लागला. बारीक, थांबून थांबून.

डॉक्टरांनी तो आवाज थोडा वेळ ऐकला. मग उजवा हात पुढे केला.

"घाल."

"खाणार?"

"हातावर दही घ्यायचं असतं. खायचं कधी, ते कुठे ठरलंय?"

असा प्रश्न लीलावतींना आजवर कुणी विचारला नव्हता.

"मग कधी?"

"आल्यावर."

त्यांनी दही घातलं. ते तळव्यावर जरासं थरथरलं आणि स्थिर झालं. मग लीलावतींनी वाटी खाली ठेवली, दोन्ही हातांनी त्यांची बोटं एकेक करून मिटली, आणि मिटलेली मूठ थोडा वेळ तशीच धरून ठेवली.

सुयशनं बॅग उचलली. गाडीत त्यानंच वडिलांचा पट्टा लावला, कारण त्यांचा एक हात कामात होता. बोटांच्या फटींतून पांढरं हळूहळू बाहेर येत होतं.

गाडी निघता निघता काच खाली झाली. लीलावती पुढे झाल्या. अशा वेळी माणसं काहीतरी बोलून जातात, जे मागच्यांना पुरतं. ते ऐकायला त्या वाकल्या.

"उरलेलं फ्रिजमध्ये ठेव," डॉक्टर म्हणाले. "फार आंबट झालेलं मला आवडत नाही."