वेगळा पेला

“काचेचे ग्लास का न्हाईत? बिअर दिसली तरी असती,” गिताबाई म्हणाल्या.

“दिसू नये म्हणूनच स्टीलचे पेले, आई. रंग बघितला की जीभ आळशी होते,” ऋतिका म्हणाली.

कवठे येमाईच्या मळ्यातल्या त्या पडवीत माघातली दुपार पसरली होती. डाळिंबाच्या बागेतून मधमाश्यांचा एकसुरी आवाज येत होता. उन्हाच्या तिरक्या पट्ट्यात धूळ इतकी सावकाश तरंगत होती, की ती कधी खाली बसेल असं वाटतच नव्हतं.

ऋतिका पुण्याजवळच्या एका छोट्या ब्रुअरीत बिअर बनवायची. मायक्रोबायॉलॉजी शिकून पोरगी दारू गाळते, हे गावात बोलून झालं होतं. आज तिनं आपल्या चार बिअर घरी आणल्या होत्या. एक ज्वारीची, एक डाळिंबाची, एक गवती चहाची आणि एक खुटबावच्या मामांच्या गुऱ्हाळातल्या गुळाची.

रीत सोपी होती. प्रत्येक फेरीत तीन पेले. दोनांत एकच बिअर, तिसऱ्यात दुसरी. वेगळा पेला ओळखायचा, कागदावर लिहायचा आणि चवीला दहापैकी गुण द्यायचे. शितलवहिनी आत स्वयंपाकघरात ओतणार. कुठल्या पेल्यात काय, ते फक्त तिच्या चिठ्ठीवर. ऋतिकालाही ठाऊक नाही.

“घरच्यांचं मत हवंय,” असं तिनं वडिलांना, सर्जेरावांना, सांगितलं होतं. ते खरं नव्हतं.

आठवड्यापूर्वी आईचा फोन आला होता. “तुझ्या आप्पांचं नाक गेलंय बघ. परवा वांग्याची भाजी पार कोळसा झाली. मी पाठमोरी भाकरी थापत होते, आन् हे शेगडीपाशी पेपर वाचत बसलेले. तोंडातून शब्द न्हाई. मी झाकण काढलं तवा दिसलं. वर तीच भाजी मुकाट जेवले.”

ऋतिकाला आजोबा आठवले. आजोबांचं असंच सुरू झालं होतं. आधी वास गेला, मग चार-पाच वर्षांत एकेक माणूस. शेवटी ते आप्पांनाच ‘या पाहुणे’ म्हणायचे.

डॉक्टरकडे चला म्हटलं असतं, तर आप्पा उठून बागेत गेले असते. म्हणून ही बिअर. “मी घेतली तरच ते घेतील,” आई म्हणाली होती, म्हणून तिलाही एक कागद.

पहिली फेरी आली. सर्जेरावांनी डोळे मिटले. पेला नाकाखाली धरून ते बराच वेळ तसेच बसले.

“दुसरा येगळा,” ते म्हणाले. “ह्याला भिजल्या कडब्याचा वास हाय. सात गुण.”

“मला तिसरा वाटतो,” गिताबाई म्हणाल्या. “आठ देते.”

“वास कसला आला?”

“बिअरचा!”

आतून शितल हसली. “आत्याबाई, तुमच्या नावानं बाटली काढायची का?”

“काढ की. फक्त माझ्या भजनी मंडळात नको दाखवू.”

दुसरी फेरी झाली, तिसरी झाली. पडवीतलं ऊन पिवळं होत गेलं. पेल्यांतला फेस बारीक आवाज करत विरत होता आणि त्याबरोबर सर्जेरावही कुठंतरी लांब जात होते. गवती चहाच्या पेल्याला त्यांनी नऊ दिले. “बांधावर झोपायचो ल्हानपणी,” ते म्हणाले. “डोक्याखाली ह्याचंच बेट.”

चौथ्या फेरीत त्यांनी पहिला पेला उचलला आणि ओठाला न लावताच खाली ठेवला.

“ही येगळी, खुटबावच्या गुळाची. हिला बघायला गेलो तवा गुऱ्हाळ चालू होतं. सगळ्या अंगणाला ह्योच वास. हिच्या केसांना बी.”

“सुनेसमोर काय बोलता!” गिताबाईंनी पदर तोंडाला लावला. मग तिसरा पेला घेऊन नाकाशी धरला. त्यांचा चेहरा एकदम कोवळा झाला. “व्हय,” त्या हळूच म्हणाल्या. “तोच वास.”

ऋतिका शितलची चिठ्ठी आणि आप्पांचा कागद घेऊन पायरीवर बसली. एकेक ओळ बोट ठेवून तपासली. चारपैकी चार. नुसत्या अंदाजानं हे जमायची शक्यता एक्क्याऐंशीत एक. तिनं तो आकडा मनात दोनदा मांडला. मग इतका मोठा श्वास सोडला, की बागेतल्या माश्यांचा आवाज तिला पहिल्यांदाच गोड वाटला.

ती स्वयंपाकघरात गेली आणि आईच्या कानाशी म्हणाली, “आप्पांचं नाक शाबूत आहे. एकही चुकलं नाही.”

गिताबाईंनी लेकीच्या गालांवरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. “देव पावला गं! थांब, शिरा करते.” बोलता बोलता त्यांनी कढई चढवलीसुद्धा.

ऋतिका बाहेर आली. सर्जेराव पेले एकात एक रचत होते.

“किती आले?”

“चारपैकी चार, आप्पा!”

ते हसले नाहीत. स्वयंपाकघराच्या दाराकडे एकदा बघून त्यांनी आवाज खाली घेतला.

“माझे येणारच. ही कसली परीक्षा हाय ते पहिल्याच फेरीत वळखलं मी. म्हणून तर शेवटपर्यंत बसलो.” त्यांनी खिशातून घडी केलेला दुसरा कागद काढून तिच्या हातात ठेवला. “दोन महिने झाले, शेगडी विझते आन् गॅस तसाच सुटत ऱ्हातो. ही त्याच्यापाशीच उभी असती. मी गुपचूप जाऊन बंद करतो. त्या दिशी वांगी करपली तवा बी मुद्दाम बोललो न्हाई, हिला कळतंय का बघायला. आता तुझ्या आईचा कागद तपास.”