घरचा सराव

"आज पण सेल बसलेला!" पल्लवीबाईंनी मैनेच्या छातीवरच्या, ऐकायच्या मशीनची डबी उघडली आणि कपाळावर हात मारला.

सोमवार होता. नाशिकरोडच्या त्या कर्णबधिर शाळेत सोमवारी आई-बाप मुलांना गावाहून आणून वसतिगृहात सोडत. शनिवारी घरी जाताना पल्लवीबाई प्रत्येकाच्या मशीनमध्ये स्वतःच्या हातानं नवा पेन्सिल सेल घालून देत. इतर मुलांचा तो चांगला टिके. मैनेचा सोमवारी ठार झालेला. वर आवाजाचं बटण पार शेवटपर्यंत पिळलेलं, आणि गळ्यातल्या पट्ट्याची गाठ सोडून पट्टा लांबलचक केलेला.

"सोपं आहे हो," वसतिगृहाच्या लताबाई म्हणाल्या. "घरी गेलं की मशीन काढायचं नि खुंटीला टांगायचं. पट्टा लांब कशाला लागतो मग? बंदसुद्धा करत नसतील मेले. रात्रभर चालू. बापाला लाज वाटते पोरीची, दुसरं काय!"

पल्लवीबाईंना ते पटलं. मैनेची आई आणायला-सोडायला येत होती तोवर सगळं सुरळीत होतं. ती बाळंतपणाला देवळ्याला माहेरी गेली, बाप येऊ लागला आणि घोटाळा सुरू झाला. भिमाजी लासलगावच्या मार्केटात कांद्याच्या गोण्या शिवायचा. पोरीच्या डोक्याला असा करकचून स्कार्फ बांधून आणायचा की कानातलं काही दिसू नये. सगळ्याला "हो बाई" म्हणायचा, आणि बोलताना तोंडाकडे टक लावून बघायचा. पल्लवीबाईंना ते मुळीच आवडत नसे. मागच्या सोमवारी लताबाईंनी फाटकापर्यंत हाका मारल्या, तर हा आपला मान खाली घालून तरातरा एसटीकडे. वळूनही बघितलं नाही.

मशीन शाळेचं होतं. छोटी आरोही कधीपासून मशीनची वाट बघत होती. मोठ्या बाईंनी शुक्रवारीच सांगून ठेवलं होतं, घरी वापरत नसतील तर काढून घ्या आणि आरोहीला द्या. निर्णय पल्लवीबाईंचा.

त्यांनी नवा सेल घातला, मशीन मैनेला चढवलं आणि भिमाजीला समोरच्या स्टुलावर बसवलं.

"बघा आता," म्हणाल्या. मग तोंडासमोर पुठ्ठा धरून मैनेला म्हणाल्या, "बाळ."

"माळ," मैना म्हणाली.

"बाळ."

"माळ."

"दिवाळीपर्यंत चांगलं म्हणत होती ही!" पल्लवीबाईंनी पुठ्ठा खाली आपटला. "ब म्हणा, म म्हणा, ओठ सारखेच मिटतात. नुसतं बघून फरक कळत नाही, कानांनी ऐकावा लागतो. म्हणून तर हा पुठ्ठा. मशीनच घातलं नाही तर ऐकणार कशानं?"

"हो बाई," भिमाजी म्हणाला. गरजेपेक्षा जरा मोठ्यानंच.

पल्लवीबाई खाली वाकल्या आणि पट्ट्याची गाठ पुन्हा आखूड बांधू लागल्या. बांधता बांधता, वर न बघताच त्यांनी विचारलं, "खरं सांगा. घरी गेल्यावर काढून ठेवता ना हे?"

"हो बाई."

घ्या! वर तोंड करून कबूल! पल्लवीबाईंच्या डोक्यात तिडीक गेली. त्यांनी बांधलेली गाठ सोडली आणि मशीन मैनेच्या गळ्यातून काढून टेबलावर ठेवलं.

"मग आजपासून हे आरोहीला. लाज वाटायला काय चोरी केलीय पोरीनं? बाप ना तुम्ही?"

लताबाई दारातून बघत होत्या. मैनेनं बापाचं बोट घट्ट धरलं. तिच्यासमोर इतकं बोलायला नको होतं, असं पल्लवीबाईंना वाटून गेलं. पण शब्द तर बाहेर पडले होते.

भिमाजीची कानशिलं तापून लाल झाली. तो उठून उभा राहिला.

"बाई, मशीन नका काढू. पाया पडतो. तिची आई बाळ घिऊन येईल आता. 'पोरीला तेवढं बाळ म्हणायला शिकवून ठेवा' म्हणून सांगून गेलीय. घरी आली की मी घेतो सराव. देवाशप्पथ घेतो. लय येळ घेतो."

"मशीनशिवाय?"

तो त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. मग नजर खाली वळवली.

पल्लवीबाईंना आता राग येत होता आणि कीवही. त्यांनी मशीन उचलून मैनेच्या हातात दिलं. स्टुलाकडे बोट दाखवलं आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "दाखवा. घरी. कसा. घेता. सराव."

भिमाजी जागचा हलला नाही. त्यानं लताबाईंकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. आत्ता पळून जाईल की काय असं वाटलं.

मैनेला मात्र बाईंच्या ओठांवरचं 'घरी' आणि 'सराव' कळलं होतं. तिचा चेहरा खुलला. तिनं बापाला हाताला धरून स्टुलावर बसवलं.

"नको गं," तो पुटपुटला. "इथं नको."

मैनेनं पट्टा सरळ केला आणि मशीन बापाच्या गळ्यात घातलं. आपल्या कानातलं ते छोटं बूच त्याच्या कानात बसेना, तेव्हा तिनं ते अंगठ्यानं दाबून धरलं. दुसऱ्या हातानं बटण पार शेवटपर्यंत पिळलं. मशीन कुईं करून शिट्टी वाजवू लागलं.

मग तिनं टेबलावरचा पुठ्ठा उचलला आणि अगदी पल्लवीबाईंसारखा आपल्या तोंडासमोर धरला.

"माळ," मैना म्हणाली.

भिमाजीनं डोळे मिटून ऐकलं आणि मान हलवली. "नाय गं माय. बाळ."