मागची मोकळी जागा

"चार-दोन-चार," कोच म्हणाले आणि शेवटचं बटण टेबलावर सरकवलं. "आजही हेच. ज्यांना नावं ठेवायची त्यांनी खुशाल ठेवावीत."

ऐकायला बायकोशिवाय कुणी नव्हतं, आणि ती शिलाई मशीनवर वाकलेली होती. बटणं तिचीच. दर सामन्याच्या सकाळी तिच्या डब्यातली बटणं कारखान्याच्या फुटबॉल संघात भरती व्हायची आणि जेवायच्या टेबलाचं मैदान व्हायचं. आजचा सामना साधासुधा नव्हता. या मोसमात संघाने हरण्याचा सपाटाच लावला होता. आज हरले की लीगमधून बाहेर. मॅनेजरने तर स्वच्छ सांगून टाकलं होतं, मग संघ बंद आणि मैदानावर ट्रक उभे करू. बरोबरी झाली तरी निभावणार होतं.

कोचचं सगळं तारुण्य त्या मैदानावर गेलं होतं. गोलकीपर होते ते. लोक त्यांना 'भिंत' म्हणायचे, पण ही भिंत एका जागी उभी राहणारी नव्हती. बचावाचे चौघे पार मध्यरेषेपाशी असायचे, मागचं अर्धं मैदान मोकळं. त्यांच्या डोक्यावरून चेंडू आला की भिंत गोल सोडून धावत सुटायची आणि समोरचा फॉरवर्ड पोचायच्या आत चेंडू लाथेने कुंपणापार भिरकावून द्यायची. काय दिवस होते! भट्टीवरचा तो ढेरपोट्या बचावपटू, त्याने खेळताना एकदाही मागे वळून पाहिलं नाही. सामना संपला की सगळे एकाच नळाखाली डोकी घालायचे, एकमेकांना ढकलायचे, आणि गप्पांच्या नादात घरी जायचं विसरायचे. आता त्यातले निम्मे राहिले नव्हते. उरलेले भेटले की गुडघ्यांबद्दल बोलायचे.

हल्लीचे गोल सगळे एकाच तऱ्हेने होत होते. डोक्यावरून चेंडू आणि मागे मोकळं रान. कोचनी बचावपटू बदलून पाहिले, फॉरवर्ड बदलून पाहिले. बुटांना दोष देऊन झाला, पंचांना देऊन झाला. बचावफळी मात्र त्यांनी तसूभरही मागे घेतली नाही.

दार वाजलं. संघाचा गोलकीपर उभा होता. वेल्डिंग खात्यातला, लांब हातांचा, शांत माणूस. गोलच्या रेषेवर हाताला आलेला चेंडू तो सोडायचा नाही, पण धावायचं म्हटलं की त्याचे पाय जड व्हायचे.

"सर, मी आज येत नाही," तो दारातूनच म्हणाला. "दुसरं कुणीतरी बघा."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं? आज?"

"खात्यात मला चाळण म्हणतात, सर. डबा खायला बसलो की पाणी गाळून देतोस का विचारतात. घरी बायको काही बोलत नाही, पण सामन्याचं विचारायचंही तिने सोडलंय."

कोचना हसू आलं नाही. त्यांनी त्याला हाताला धरून टेबलापाशी आणलं. "हे बघ. हे दोघे इथून चेंडू काढतील, हे चौघे थेट धडक मारतील. समोरच्यांना श्वास घेऊ द्यायचा नाही. आम्ही असेच जिंकायचो."

वेल्डरने बटणं मोजली. "यात मी कुठाय?"

"तू काय, गोलमध्ये. ते मांडायला कशाला हवं?"

"आणि हे मागचं एवढं अर्धं मैदान? ते कोण सांभाळणार?"

"मी," कोच म्हणाले.

मशीन थांबलं. कोच स्वतःच्याच शब्दाने चपापले. त्यांनी टेबलाकडे पाहिलं. टेबलाचा अर्धा भाग रिकामा होता, आणि तो रिकामा आहे हे त्यांना आज पहिल्यांदा दिसत होतं. इतके दिवस तिथे एक तरणाताठा माणूस जीव खाऊन धावत होता. कोचना लाज वाटली. आणि लाजेपेक्षाही जास्त, त्या माणसासाठी जीव तुटला.

"फार छान खेळायचा हो तो," बायको हळूच म्हणाली. "पण आता सोडा त्याला."

कोचनी हाताच्या कडेने बचावाची चारही बटणं मागे ओढली. मग पुढच्यांतलं एक काढून त्यांच्यात बसवलं, आणखी दोन मधल्या फळीत घेतली. पाच-चार-एक. तरुणपणी असला भेदरट खेळ कुणी सुचवला असता तर त्यांनी त्याला उभ्या उभ्या हाकललं असतं. त्यांनी डब्यातून अकरावं बटण काढलं आणि वेल्डरच्या हातात दिलं.

"हा तू. कुठे उभं राहायला बरं वाटतं तुला?"

वेल्डरने बटण टेबलाच्या अगदी कडेला, गोलच्या रेषेवर ठेवलं.

दुपारचा सामना भलताच रटाळ झाला. लोक जांभया देत होते, कुणीतरी "पैसे परत करा" असंही ओरडलं, आणि तिकीट तर नव्हतंच. शेवटी शेवटी एक उंच चेंडू बचावफळीच्या डोक्यावरून आला. बाकावर कोचचे पाय आपसूक ताठ झाले. पण चेंडूला पडायला मागे जागाच उरली नव्हती. तो सरळ वेल्डरच्या छातीवर आला आणि त्याने तो दोन्ही हातांनी कवटाळला. शिट्टी झाली. शून्य-शून्य. वेल्डिंग खात्यातल्या टवाळांनीच त्याला खांद्यावर घेतलं.

गर्दी पांगल्यावर बायको पाण्याची बाटली घेऊन बाकापाशी आली. कोचच्या शेजारी बसली आणि तिने दर सामन्यानंतर विचारायची तेच विचारलं.

"दमलात ना फार?"

"नाही गं," कोच म्हणाले. "आज मी खेळलोच नाही."