कॅमेऱ्याचं तोंड पूर्वेकडे

"जनावर कोणतं आहे, सर?" अमरावतीच्या दुकानदाराने विचारलं.

"वाघ," ओमप्रकाश सर म्हणाले आणि काउंटरवर नसलेली धूळ पुसू लागले.

दुकानदाराने रानात झाडाला बांधायचे, आपोआप फोटो काढणारे कॅमेरे अदबीने मांडले. एक अंधारात उजेड न दाखवता फोटो काढायचा. दुसरा पापणी लवायच्या आत टिपायचा. तिसरा जरा सुस्त होता. जनावर निघून गेल्यावर जागा व्हायचा.

"तो कोणी नेत नाही," दुकानदार म्हणाला.

सरांनी तोच घेतला. अचलपूरच्या एसटीत बसून त्यांनी माहितीपत्रक अथपासून इतिपर्यंत वाचलं. कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर बांधावा. तोंड उत्तरेकडे ठेवावं. समोरचं गवत कापावं. सरांनी सगळं पाठ केलं. बरोबर काय हे पक्कं ठाऊक असल्याशिवाय चूकही नीट करता येत नाही. बत्तीस वर्षं भूगोल शिकवला होता, एवढं त्यांना कळत होतं.

सरांनी पाहिलं होतं ते रानडुक्कर.

त्या संध्याकाळी शेतातून निघताना त्यांनी गाडी सुरू केली होती. त्यांची बायको सत्यभामा वांग्यांचं गाठोडं घेऊन मागे बसणार, तेवढ्यात बाजूच्या तुरीतून डुक्कर सुसाट बाहेर आलं. गाडी थांबली ती थेट गावातल्या पारापाशी.

"सर, वयनी कुठं हाय?" पारावरून कोणीतरी विचारलं.

सरांनी मागे वळून पाहिलं. सीट रिकामी होती.

"वाघ!" सर ओरडले.

डुकराला भिऊन बायको टाकून आलेल्या माणसाला गावात तोंड दाखवता येत नाही. वाघाला भिऊन आलेल्याला लोक निदान पाणी तरी देतात. सरांनाही दिलं. गडी काठ्या शोधू लागले. काठ्या सापडेपर्यंत सत्यभामा डोक्यावर गाठोडं घेऊन चालत आली.

"वयनी, वाघ होता?"

ती सरांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ते सांगून राह्यले ना." आणि घरी जाऊन तिने भाकरी टाकल्या.

त्या दिवसापासून त्या विषयावर ती एक शब्द बोलली नाही. ताट वाढायची, पाणी द्यायची, नजर मात्र द्यायची नाही. तिने चारचौघांत आपली लाज राखली, हे सरांना कळत होतं. तिने शिव्या दिल्या असत्या तर घास सुखाने उतरला असता.

इकडे वाघ वाढत गेला. सकाळपर्यंत त्याला पट्टे आले, आठवडी बाजारापर्यंत लांबी आली. सरांच्या बांधाला लागून शफीकचा झेंडू होता. दिवाळी तोंडावर, फुलं टंच भरलेली, पण तोडायला बाई येईना.

शफीक घरी आला. "सर, वाघ असंल तं फॉरेस्टवाल्याईले बलावू. नसंल तं बायाईले तसं सांगता येईल. तुमी शिकेल माणूस. कॅमेरा तुमीच आना, तुमीच लावा."

सरांना नाही म्हणता येईना. त्यांना एकच भीती होती. त्याच तुरीतून निघणाऱ्या डुकराचा स्वच्छ फोटो आला, तर शफीकला दोन आणि दोन चार करायला वेळ लागला नसता.

बांधावरच्या बाभळीला सर कॅमेरा बांधू लागले. शफीकने पट्टा धरला होता.

"इतला वरतं? वाघ काय उंटावर बसून येते काय, सर?"

"त्याची मान उंच असते," सर म्हणाले.

"गवत कापू समोरचं?"

"राहू दे. त्याले शंका नाही आली पाह्यजे."

"अन् तोंड उगवतीकडं? सकाळी ऊन सिधं डोयात जाईन ना त्याच्या."

"कॅमेऱ्याले ऊन लागते शफीकभाई, डोये नाही दुखत."

शफीकने पट्टा आवळला. मास्तराशी वाद घालू नये, हे तो त्यांच्याच वर्गात शिकला होता.

आठवड्याने शफीकच्या लेकीच्या लॅपटॉपवर सगळे फोटो पाहिले. हलणारं गवत. पांढराफटक सूर्य. पुन्हा गवत. एका बकरीची फक्त शेपटी. डुक्कर कुठेच नव्हतं. सरांना पहिल्यांदा चहा गोड लागला.

"गेला म्हना वाघ!" शफीक खूश झाला. "तुमच्या जबानवर उद्या बाया नेतो, सर. नेऊ ना?"

"ने ना बाप्पा. काही नाही तिथं."

सकाळी बाया टोपल्या घेऊन दारावरून गेल्या. "सर, वाघाले काही निरोप देता काय?" एकीने विचारलं, बाकीच्या खिदळल्या.

सत्यभामा पिठाच्या हातांनी बाहेर आली. "बाया कुठं चालल्या?"

"शफीकच्या वावरात. फुलं तोडाले."

"अन् तुमी जाऊ देल्लं?"

इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत बघत होती. सरांच्याने राहवलं नाही.

"तिथं वाघ नवताच, सत्यभामा. डुक्कर होतं. मी डुकराले भेलो, तुले टाकून पयालो, अन् वरून गावात खोटं बोललो. कॅमेराही मुद्दाम वाकडा लावला. तू माही लाज राखली. मले माफ कर."

सत्यभामाने पिठाचे हात पदराला पुसले.

"म्हंजे तुमाले तो दिसलाच नाही?"

"कोण?"

"अवो, मी समजून राह्यली होती, का या माणसानं वाघ पाह्यला अन् मले त्याच्या पुढ्यात सोडून गेला!" ती अनवाणीच रस्त्याकडे धावली. "बायाईले हाका मारा आधी! डुक्कर पुढं होतं. वाघ त्याच्या मांगं होता!"