वरचा मजला

बार्बा नादालिनचं घर बाराव्या गिऱ्हाइकानं विकत घेतलं. पण हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं धरून चालू, कारण त्या शुक्रवारी सकाळी स्वयंपाकघरात बसलेल्या तिघांपैकी कुणालाही ते माहीत नव्हतं.

नादालिनचे गुडघे गेले होते आणि धक्क्यापासून घरापर्यंत दोनशे चौदा पायऱ्या होत्या. समुद्रापलीकडे, झादर शहरात, बहिणीनं आपल्या शेजारची तळमजल्यावरची खोली त्याच्यासाठी महिनाअखेरपर्यंत धरून ठेवली होती. घर विकलं तरच ती मिळणार. आधीची अकरा गिऱ्हाइकं पळाली होती, कारण नादालिन खरं बोलायचा. तीस वर्षं त्यानं बंदरावरच्या फळ्यावर वाऱ्याचा अंदाज लिहिला. लोक तो वाचून होड्या सोडायचे. अशा कामात खोटं बोलायची सवय लागत नाही.

"आज तरी तोंड आवर, बार्बा," पुतणी नेवेंकानं बजावलं होतं; बेटावर काकाला बार्बा म्हणतात. "घर विकायचंय. पापं कबूल नाही करायची."

बारावं गिऱ्हाईक म्हणजे झाग्रेबच्या श्टेफित्साबाई, गणिताच्या निवृत्त शिक्षिका. त्यांनी सुक्या अंजिरांची बशी बाजूला सारली आणि वही उघडली. पहिल्या पानावर दोनदा अधोरेखित केलेला मथळा होता: 'सुट्टीचं घर घेण्यापूर्वी काय पाहावे.'

"रस्ता?"

"नाही. पायऱ्या."

बाईंनी वहीत खूण केली.

"पाणी?"

"पावसाचं. अंगणातल्या हौदात साठतं. चार माणसं आंघोळीला आली की आठवड्यात तळ दिसतो."

खूण. नेवेंकानं टेबलाखालून काकाला लाथ मारली. नेमकी गुडघ्यावर.

"बोट?"

"मंगळवारी आणि शुक्रवारी. उत्तरेचा वारा सुटला तर तीही नाही."

"फोन लागतो?"

"लागतो की. कबरस्तानात. माझ्या आजोबांच्या थडग्यावर उभं राहिलं तर."

खूण, जरा जोरात. बाई चुका मोजतायत हे नादालिननं ओळखलं. तळमजल्यावरची खोली एकेका खुणेबरोबर लांब जात होती.

नेवेंकाला राहवेना. "अहो बाई, पण वरचा मजला बघा ना! तीन मोठ्या खोल्या. खिडकीतून नुसता समुद्र. बारा माणसं आरामात झोपतील!"

पेन्सिल थांबली. "बारा?"

"खाली गाद्या टाकल्या तर पंधरा!"

श्टेफित्साबाईंनी वही मिटली, पर्स उचलली. "माफ करा. जाहिरातीवरून मला वाटलं घर लहान असेल. आजची बोट कितीला सुटते?"

नादालिननं बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. हा चेहरा त्याच्या ओळखीचा होता. फळ्यावर 'वादळ' वाचलेल्या नावाड्याचा चेहरा असा व्हायचा.

"बाई, आत्ता सुट्टीचं एखादं घर आहे का तुमचं? कुठे?"

"किनाऱ्यावर. महामार्गापासून दहा मिनिटं."

"आणि ऑगस्टमध्ये किती माणसं येतात?"

बाई दारात थांबल्या. "गेल्या ऑगस्टमध्ये एकोणीस. नवरा वारला, त्याचे नातेवाईक वारले नाहीत. त्यातलं एक जोडपं तर कुणाचं कोण, ते अजून कुणालाच माहीत नाही. तीन आठवडे राहून गेलं. मी गाडीत झोपत होते."

नादालिन टेबलाला धरून उभा राहिला आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांत पहिल्यांदा खोटं बोलला.

"वर कुणालाच झोपता येत नाही. तुळया कुजल्यात. दोन माणसं चढली की मजला खाली."

"काहीतरीच काय, बार्बा!" नेवेंका किंचाळली. "ईस्टरला मी वरच झोपले होते! नवरासुद्धा होता!"

"तुम्ही भांडून वेगवेगळ्या खोल्यांत झोपला होता. वजन विभागलं गेलं."

श्टेफित्साबाई परत येऊन खुर्चीवर बसल्या. वही उघडली, कोपऱ्यात काहीतरी आकडेमोड केली.

"गणित बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "घर मी घेते."

आणि त्यांनी बशीतलं सगळ्यात मोठं अंजीर उचललं.

महिना संपायला चार दिवस असताना नादालिन त्या दोनशे चौदा पायऱ्या शेवटच्या वेळी उतरला. वाटेत एकदाही टेकला नाही. बोटीत चढण्याआधी बंदरावरच्या जुन्या फळ्यापाशी गेला, खिशातून खडू काढला आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'वारा अनुकूल.' त्या दिवशी वाराच नव्हता. म्हणजे हे दुसरं खोटं. माणूस सुधारत होता.

जूनमध्ये बेटाच्या पंचायतीत एक अर्ज दाखल झाला. तो तिथे अजून पडून आहे.

'विषय: घराचा वरचा मजला धोकादायक असल्याचा दाखला मिळणेबाबत.

महोदय, सदर मजला अत्यंत भक्कम आहे. मी स्वतः त्यावर उड्या मारून खात्री केली आहे. तरी तो कोणत्याही क्षणी कोसळेल असा दाखला गोल शिक्क्यासह एकतीस जुलैपूर्वी द्यावा, म्हणजे तो दारावर लावता येईल. पाहणीसाठी कोणासही पाठवू नये. येणाऱ्यांच्या झोपण्याची सोय नाही.'