समोरचा स्टँड

“मागे झाडाखाली बायका लोळतायत ना, त्यांनाही उचला,” सचिव म्हणाले. “पाय पसरून पडल्यात नुसत्या. समोरच्या स्टँडमध्ये बसवा, अगदी पुढे.”

पहारेकऱ्याने कान खाजवला. “कोण आहेत त्या, विचारू का साहेब?”

“डोकी आहेत ना त्यांना? मग झालं.”

राष्ट्रीय मैदानी स्पर्धेचा शेवटचा दिवस होता आणि बघायला चिटपाखरू नव्हतं. म्हणजे पाखरं होती. वरच्या रांगा कबुतरांनी कधीच धरल्या होत्या. पण साडेचारला चॅनेलचे मालक येणार होते, आणि त्यांनी गेल्याच वर्षी सुनावलं होतं, “रिकाम्या खुर्च्या दाखवायला मी चॅनेल काढलेलं नाही. पुन्हा हे दिसलं तर तुमचा आमचा संबंध संपला.”

गेल्या वर्षी सचिवांनी समोरच्या स्टँडवर माणसांचे चेहरे छापलेला भलामोठा फ्लेक्स ताणला होता. लांबून गर्दीच वाटायची. भर अंतिम शर्यतीत वारा सुटला, फ्लेक्स मधोमध फाटला आणि घरोघरी लोकांनी टीव्हीवर फडफडणारी मुंडकी पाहिली.

म्हणून या वर्षी खरी माणसं. झाडूवाल्या, बसचे ड्रायव्हर, स्वयंपाकी, त्यांची पोरंबाळं, जो हाती लागेल तो. स्टँड भरला तसं सचिवांनी जाळीच्या दाराला स्वतःच्या हाताने कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. बोलावून आणलेली माणसं बिस्किटं खाऊन पसार होतात, हा अनुभव त्यांना होता. धावणारे, उड्या मारणारे मात्र आपोआप येतात, असंही ते म्हणत. त्यांना बोलवावं लागत नाही आणि बघावंही लागत नाही.

तिसऱ्या रांगेतली एक बाई जाळीशी आली. पंचविशीची असेल. एवढ्या उन्हात जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढलेली. जाळीबाहेर तिची सासू बाळाला घेऊन उभी होती आणि बाळाने भोकाड पसरलं होतं.

“साहेब, मला पाचच्या आत खाली उतरायचंय.”

“सगळ्यांनाच उतरायचंय. मग वर कोणी बसायचं, मी?”

“ऐका तर. माझी—”

“दिसतंय मला, आंधळा नाही मी.” सचिवांनी बाळाकडे पाहिलं. “लेकरं घरी ठेवायची असतात हो. हे काय पाळणाघर आहे?”

“त्याचं मी बघेन,” सासू म्हणाली. “तुम्ही तिला सोडा. वर्षभर राबलीय पोरगी या दिवसासाठी.”

“काय कौतुक! अहो आजी, फुकटात सावली आहे, खुर्ची आहे. आणखी काय पाहिजे?”

बाळाचा आवाज आणखी चढला. मालकांच्या कानावर हे रडगाणं पडायला नको, म्हणून सचिवांनी दार हातभर उघडलं, सासूकडून बाळ घेतलं, दुधाची बाटली घेतली आणि दोन्ही आत सरकवलं. कुलूप परत लागलं.

“झालं समाधान? उलट एक डोकं वाढलं.”

“प्रश्न त्याचा नव्हताच.”

“बायकांचा प्रश्न कधी तो नसतोच. बसा.”

बाई बसली. तिच्या रांगेतल्या बाकीच्या बायका तिच्याचकडे बघत होत्या. सगळ्या एकजात चिडक्या. कुणी गुडघा हलवत होती, कुणी घोटा फिरवत होती, कुणाची नजर घड्याळावरून हटत नव्हती. वाटलेल्या बिस्किटांना एकीनेही हात लावला नव्हता.

“माज बघा,” सचिव पहारेकऱ्याला म्हणाले. “यांच्याकडून टाळ्या वाजवून घ्या. नाहीतर अशाच सुतकी तोंडाने बसतील.”

बाळ दूध पिता पिता जॅकेटच्या आत मूठ घालू लागलं. “नको रे सोन्या, टाचणी टोचेल,” म्हणत बाईने त्याची बोटं एकेक करून सोडवली. त्याला खांद्यावर घेतलं, टाळूवर नाक टेकवलं, क्षणभर डोळे मिटले. मग उठून ती पहारेकऱ्याशी दबक्या आवाजात काहीतरी बोलली.

पहारेकऱ्याचा चेहरा उतरला. “किल्ली साहेबांकडे आहे, ताई,” तो म्हणाला आणि त्याने घाईघाईने वॉकीटॉकी तोंडाशी धरला.

साहेब तोवर पलीकडच्या बाजूला, मालकांच्या सोफ्याशेजारी पोचले होते. त्यांच्या कमरेला खरखर झाली. “साहेब, त्या बायका म्हणतायत—”

सचिवांनी न बघताच बटण बंद केलं.

“गर्दी आहे की!” मालक खूश झाले. “मला वाटलं, यंदाही कबुतरंच.”

“वेड आहे हो लोकांना या खेळाचं. लेकरं काखोटीला मारून येतात बायका. उठवलं तरी उठत नाहीत.”

सचिवांच्या हुकमावरून सगळे कॅमेरे समोरच्या स्टँडकडे वळले होते. पाच वाजले. निवेदकाने महिलांची आठशे मीटरची अंतिम शर्यत जाहीर केली आणि रिवाजाप्रमाणे एकेका पट्ट्यातलं नाव पुकारायला घेतलं. जिचं नाव येईल तिने हात वर करायचा, म्हणजे प्रेक्षकांना कळतं.

पहिलं नाव आलं. समोर तिसऱ्या रांगेतून एक हात वर गेला.

“बघा, चाहते!” सचिव म्हणाले.

दुसरं नाव. त्याच रांगेतून दुसरा हात. मालकांनी टाळ्या वाजवल्या.

तिसरं नाव पुकारलं, तेव्हा बाळवाली बाई उभी राहिली. तिने बाळ कडेवर नीट घेतलं, जॅकेटची चेन कमरेपर्यंत खाली ओढली, आणि छातीवर चार टाचण्यांनी लावलेला नंबर कॅमेऱ्यासमोर धरून हात वर केला. खाली, आठही पट्ट्यांच्या तोंडाशी, पिस्तूल घेतलेला माणूस एकटाच उभा होता.