खिडकीचे गज

भिंतीवर चित्र उमटलं आणि वर्गातली बडबड एकदम थांबली.

ट्यूशनवाल्या बाईंच्या या खोलीत रविवारी दुपारी सात-आठ हौशी माणसं जमायची. आठवडाभरात टॅबवर काढलेली चित्रं प्रोजेक्टर लावून दाखवायची आणि एकमेकांच्या चुका काढायची. आजचं पहिलं चित्र काकांचं होतं. काका निवृत्त ड्राफ्ट्समन. इमारतींचे नकाशे काढण्यात जन्म गेला, म्हणून पाठीमागे सगळे त्यांना 'फूटपट्टी' म्हणत. त्यांच्या तावडीतून कुणी सुटत नसे. बेकरीवाल्याने काढलेला घोडा पाहून ते म्हणाले होते, "टेबल झकास जमलंय. शेपूट कशाला लावलीस?" बेकरीवाल्यासकट सगळे पोट धरून हसले होते, आणि पुढच्या रविवारी घोड्याचे पाय खरोखर घोड्याचे झाले होते.

स्वतःचं चित्र मात्र काकांनी कितीतरी महिन्यांनी आणलं होतं.

चित्रात खिडकी होती आणि खिडकीत काकू. गज वरून नीट खाली यायचे, मध्येच तुटायचे आणि अंगठाभर बाजूला सरकून पुन्हा सुरू व्हायचे. काकूंचा डोळा सुरेख होता, पापणीन् पापणी काढलेली. नाक सुरेख होतं, ओठही. पण डोळा, नाक, ओठ एका चेहऱ्यावरचे वाटत नव्हते. एकेक तुकडा मोठा करून, जीव ओतून काढायचा आणि शेजारच्या तुकड्याशी त्याची गाठच पडू द्यायची नाही, असं काहीसं झालं होतं.

दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसणारी मुलगी मागच्या बाकावर होती. तिने काकांकडे पाहिलं. ते मान किंचित वळवून, तिरक्या नजरेने भिंतीकडे बघत होते. ही त्यांची ऐट आहे, असंच तिला इतके दिवस वाटत आलं होतं. आणि मग तिला गेल्या रविवारचं स्वतःचं दरवाज्याचं चित्र आठवलं. "चौकट लाटेसारखी हलतेय," काका म्हणाले होते. तिने घरी जाऊन मोजली, तर ती सरळ होती. तरी काका म्हणतात म्हणून तिने ती पुसून पुन्हा काढली होती.

तिने पुन्हा तुटलेल्या गजांकडे पाहिलं, मग काकांच्या डोळ्यांकडे.

"बोला की," काका म्हणाले. "सगळ्यांनी जिभा घरी ठेवल्यात का आज?"

"मस्त आहे, काका," बेकरीवाला म्हणाला.

"मस्त काय? पाव आहे का तो?"

कुणी हसलं नाही. बाईंनी प्रोजेक्टरची वायर उगाचच हलवून पाहिली. "रंग फार शांत आहेत," त्या म्हणाल्या.

"रंगांचं सोडा." काकांनी मागे मान वळवली. "पोरी, तू सांग. मी तुला कधी सोडलं नाही, आज तूही मला सोडू नकोस."

ती उठून उभी राहिली. बाई तिच्याकडे रोखून बघत होत्या. त्यांची मान 'नको' म्हणत होती.

"मला काही खटकत नाही, काका."

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

काका पुन्हा भिंतीकडे वळले. मग "बरं," म्हणाले आणि बसले. पुढचं चित्र लागलं, त्याच्या पुढचंही लागलं. काकांनी कुणाच्याच चित्रात चूक काढली नाही.

बैठक संपल्यावर ती चपला घालत होती, तेव्हा ते जिन्याशी तिची वाट बघत थांबले होते. टॅब दोन्ही हातांनी छातीशी धरलेला.

"चित्र नुसतं वाईट असतं ना, तेव्हा तुम्ही लोक तुटून पडता," ते म्हणाले. "आज गप्प बसलात. मयताला गेल्यासारखे."

ती चपलेत पाय सारत राहिली.

"तुझ्या काकूला दाखवलं, तर ती रडायला लागली. मला वाटलं, आवडलं." ते हसले. हसू अर्ध्यावरच राहिलं. "खरं सांग. एवढंच मागतोय. कुठे चुकलंय ते कळलं तर सुधारता येतं. डोळ्यांचं काही नाही. हाताची सवय गेलीय, बाकी काही नाही."

तिला रडू येत होतं. तरी ती म्हणाली, "गज, काका. मध्येच तुटलेत."

"अस्सं." त्यांना चक्क बरं वाटल्यासारखं दिसलं. "बघ, इतकं सोपं होतं. सगळ्यांदेखत सांगायला काय झालं होतं?"

त्यांनी टॅब कठड्यावर टेकवला आणि चित्र उघडलं. मान तिरकी केली. टॅब आधी लांब नेला, मग पार नाकाशी आणला. पेन खिडकीवरून सावकाश फिरत राहिलं आणि उजवीकडच्या शेवटच्या गजावर येऊन थांबलं. वरपासून खालपर्यंत अखंड असा त्या खिडकीत तेवढा एकच गज होता.

"इथेच ना?"

जिन्यावरून बाकीची मंडळी बोलत खाली चालली होती. बेकरीवाला वळून पाहत क्षणभर थांबला आणि पुढे गेला.

"इथेच ना गं?" काकांनी पुन्हा विचारलं.

"हो," ती म्हणाली.

"वाटलंच मला," ते म्हणाले, आणि तिथेच उभं राहून त्यांनी तो गज पुसायला घेतला.